दाराआडचा भात

सिपोराबायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कोबीशी भांडत होत्या.

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या रिसॉर्टचं मोठं किचन. केसांवर जाळी, पायात नर्सेस घालतात तसले पांढरे बूट आणि हातात कोबीचं पान. पान दिव्यासमोर धरायचं, उलटं करून पुन्हा धरायचं, आणि शिरेत दडलेला बारीकसा किडा दिसला की त्याला म्हणायचं, "लपतोस होय रे? माझ्यापासून?" मग अख्खा कोबी कचऱ्यात आणि पुढचा कोबी हातात. मागे आमचा लेबनीज शेफ नादिर कपाळाला हात लावून उभा होता.

न्यू यॉर्कहून कोशर सुपरवायझर येणार एवढंच मला माहीत होतं. ज्यू लोकांच्या धर्माप्रमाणे अन्न शिजतंय की नाही, यावर पहारा ठेवणारं माणूस म्हणजे कोशर सुपरवायझर. मी आपली डोळ्यांसमोर काळी हॅट आणि लांब दाढी आणून ठेवली होती. आणि इथे ही सावळी, ठेंगणी, सत्तरीची बाई किड्याला मराठीत दम देत होती.

"तुम्ही मराठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग काय तुर्की?" त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. "लवीना. वसईची का ग तू?"

"हो. नंदाखालची. तुम्ही?"

"चौलची. सिपोरा चौलकर."

"पण तुम्ही तर अमेरिकेच्या ना?"

"अमेरिकेहून आलेय. अमेरिकेची आहे असं कोण म्हणालं?"

हे "कोण म्हणालं?" त्यांचं ठेवणीतलं हत्यार होतं. तेल सीलबंद आहे, कोण म्हणालं? भांडं नवीन आहे, कोण म्हणालं? ज्यानं म्हटलं त्याला पुढे बोलवायचं, उभं करायचं आणि डोळ्यांत बघून पुन्हा म्हणायला लावायचं. निम्मे लोक दुसऱ्यांदा म्हणायचे नाहीत.

आता हे सगळं घडलं का ते सांगते. अमेरिकेतल्या काही ज्यू कुटुंबांनी त्यांच्या वल्हांडण सणासाठी आमचं रिसॉर्ट आठ-दहा दिवसांसाठी पूर्ण घेतलं होतं. मी तिथे इव्हेंट्स बघते. राहते दुबईत, अल बर्शाला, नवरा आणि एका मुलीसोबत. या कामासाठी मात्र मला रिसॉर्टवरच मुक्काम करावा लागणार होता, तोही नेमका आमच्या पवित्र आठवड्यात. "मम्मा, यू विल मिस गुड फ्रायडे!" मुलगी म्हणाली. नवरा म्हणाला, "अगं, तू तर ओरिजिनल कार्यक्रमाला चाललीस."

खरंच होतं ते. मिसर देश, दहा पीडा, समुद्र दुभंगला ते, घाईघाईत भाजलेली बेखमीर भाकर, हे सगळं मी लहानपणापासून चर्चच्या बाकावर बसून ऐकत आले. पण ती भाकर अजूनही दरवर्षी खाणारी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मला मूळचाच भोचकपणा फार. सिपोराबाय भेटल्या आणि त्याला मोकळं रान मिळालं.

सण लागायच्या आधी दोन आठवडे त्यांनी आमच्या किचनची जी काही अवस्था केली ती बघून शेफ नादिर रोज एकदा "खलास, मी राजीनामा देतो" म्हणायचा. या सणात खमीर चालत नाही. त्या बेखमीर भाकरीखेरीज गहू, पाव, बिस्कीट, बीअर, कशाचा कणही नको. म्हणून ओटे उकळत्या पाण्यानं धुतले, ओव्हन लाल होईतो तापवले, सगळ्या पृष्ठभागांवर चंदेरी फॉइल चढवला. सिपोराबाय गुडघ्यावर बसून फ्रीजच्या रबरातल्या खाचा टूथपिकनं कोरत होत्या. "चाळीस वर्षं अमेरिकेत राहिले," त्या म्हणाल्या, "पण फ्रीजच्या रबरात पाव लपतो तो सगळ्या देशांत सारखाच."

रोज सकाळी किचनमधल्या शेगड्या त्याच पेटवायच्या. दुसऱ्या कुणी पेटवली की विझवायला लावून पुन्हा पेटवायच्या. नियमच आहे तसा, स्वयंपाक कुणी का करेना, विस्तव ज्यू माणसाच्या हातचा हवा. सगळ्या शेगड्या लागल्या की हात झटकून म्हणायच्या, "आग माझी, रांधप तुमचं. चला." नादिर त्यांना मॅडम फायर म्हणायला लागला. त्या यायला दोन मिनिटं उशीर झाला तर दारात उभा राहून ओरडायचा, "यल्ला, मॅडम फायर! माय अनियन्स आर कोल्ड!"

आमच्या हॉट किचनमध्ये इग्नेशियस नावाचा कुक आहे. वसईतल्या गासचा. दांडगा माणूस, जीव लावणारा, आणि डोक्यानं थोडा घाईचा. चार दिवसांत तो सिपोराबायचा धाकटा भाऊ होऊन बसला. त्याचं कारणही त्याच होत्या. मुंबईला नर्सिंग शिकत असताना हॉस्टेलवर त्यांच्या खोलीत वसईच्या दोन मुली होत्या, आणि त्यांच्याकडून त्या आमच्या बोलीतल्या चार शिव्या शिकून आल्या होत्या. इग्नेशियसला पहिल्याच दिवशी त्यातली एक त्यांनी अगदी अचूक घातली. तो इतका खूश झाला की त्यानं ती पुन्हा घालायला सांगितली.

कॉफीला आम्ही तिघं मागच्या अंगणात बसायचो. कॉफी म्हणजे त्यांची काळी, स्वतःच्या थर्मासमधली. तिथेच मी त्यांना पिळून काढलं.

त्यांचे लोक कोकणात कधी आले ते कुणालाच नक्की माहीत नाही. जहाज फुटलं आणि जे वाचले ते गावात राहिले, तेल गाळायला लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. "आम्हाला तरी कुठे माहीत होतं आमचं नाव ज्यू आहे ते!" त्या म्हणाल्या. "हा सण आहे ना, याला माझी आजी म्हणायची अनशी ढाकायचा सण. घरात अनशीचं, म्हणजे आंबवणीचं मडकं असायचं, आंबट. सणाचे आठ दिवस ते झाकून ठेवायचं. का झाकायचं, कुणी सांगितलं, काही पत्ता नाही. पण झाकायचं. विसरले सगळं, मडकं नाही विसरले."

मी आणि इग्नेशियस एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्याकडे इतकी पुस्तकं, पाद्री, मिस्सा, आणि यांच्याकडे एक झाकलेलं मडकं, आणि त्यावर सगळं टिकलं.

त्या नवऱ्यापाठोपाठ अमेरिकेला गेल्या. नवरा तिथे यंत्रांच्या कारखान्यात. घर न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात, शेजार सगळा ज्यू. आता आपण आपल्या माणसांत आलो, असं त्यांना वाटलं. पहिल्या शनिवारी प्रार्थनेला सिनेगॉगमध्ये गेल्या तर शेजारची बाई प्रेमानं विचारते, तुम्ही ज्यू कधी झालात?

"काय सांगितलं तुम्ही?"

"सांगितलं, तुमच्या आधी." मग थर्मासचं झाकण फिरवत म्हणाल्या, "खोटं. तेव्हा काहीच नाही बोलले. हे उत्तर नंतर सुचलं, घरी भांडी घासताना."

पुढे त्या तिथल्या एका ज्यू वृद्धाश्रमात नर्स झाल्या. त्या म्हाताऱ्यांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा. आयुष्यभर शिवणाच्या कारखान्यांत मशीन मारलेल्या बाया, संप केलेले पुरुष, देवाशी कायमचं भांडण, सिनेगॉगचं तोंड बघायचे नाहीत. पण दूध-मटण एकत्र नको या नियमाला पक्के, मटणाच्या ताटाला दुधाचा चमचा लागला तर ताट उचलून फेकतील! "मला फार नवल वाटायचं ग. मी त्यांना विचारायची, देव नाही म्हणता, मग हे कुणासाठी? एक म्हातारी म्हणाली, देवासाठी कोण करतंय? आई बघतेय ना."

त्याच म्हाताऱ्या त्यांना आश्रमाच्या किचनमध्ये घेऊन गेल्या आणि एकेक नियम शिकवला. निवृत्त झाल्यावर त्यांनी रीतसर परीक्षा दिली आणि सुपरवायझर झाल्या. "पूर्वी मला विचारायचे, तू ज्यू कशी? आता विचारतात, सिपोरा, हे मी खाऊ का?" हे सांगताना त्यांनी पदर नसलेल्या खांद्यावरचा पदर सारखा केला. अंगात पॅन्ट आणि शर्ट होता.

एकदा भाजी बघायला आम्ही गावातल्या बाजारात गेलो होतो. एका खजूरवाल्यानं खजुराची काकवी बोट बुडवून चाखायला पुढे केली. सिपोराबायनी स्वतःच्या पर्समधला चमचा काढला, चाखलं आणि तिथेच स्टुलावर बसल्या.

"लविने, हा आमचा शिरा! सणाचा. आई खजूर उकळून करायची, अशीच चव. क्वीन्समध्ये सफरचंद आणि अक्रोड कालवतात. चांगलं असतं, नाही कोण म्हणतंय? पण ते त्यांचं."

म्हातारा दुकानदार कौतुकानं म्हणाला, "मॅडम फ्रॉम अमेरिका?"

"नो हबीबी. चौल." त्याला ते अमेरिकेतलंच एखादं शहर वाटलं असावं, कारण त्यानं आदरानं मान हलवली. बाटलीवर कोशरचं सील नव्हतं, म्हणून किचनसाठी काकवी घेतली नाही. खजूर घेतला आणि सणासाठी शिरा स्वतः उकळला.

पाहुणे यायला लागले. त्यात मिस्टर सॅम नावाचे नव्वदीचे एकटे गृहस्थ होते. वॉकर ढकलत रोज किचनच्या दाराशी यायचे आणि नुसता वास घेऊन जायचे. तरुणपणी ते न्यू यॉर्कजवळच्या डोंगरातल्या हॉटेलांत वेटर होते. दुसरी हॉटेलं ज्यूंना खोली देत नव्हती म्हणून त्यांच्या लोकांनी तिकडे आपली स्वतःची उभारली, आणि या सणाला तिथे अख्खी कुटुंबं आज्यांसकट येऊन राहायची. "त्या आज्या थेट किचनमध्ये घुसायच्या," ते म्हणाले. "आमचा शेफ सैन्यात होता, पण त्यांना बघून कपाटात लपायचा." सिपोराबाय एवढ्या हसल्या की कोबी हातातून पडला. त्यानंतर मिस्टर सॅमना दाराशी रोज एक खुर्ची ठेवलेली असायची.

सणाच्या दोन दिवस आधी सिपोराबायनी मला आणि इग्नेशियसला स्वतःच्या खोलीत बोलावलं. एक छोटी विजेची शेगडी तिथे नेऊन ठेवायची होती. आम्ही आत गेलो तर त्यांनी पहिल्यांदा दाराला कडी घातली, आणि पडदाही ओढला. पलंगावर पांढरी चादर, आणि चादरीवर तांदूळ पसरलेला.

"निवडतेय," त्या म्हणाल्या. "तीनदा निवडायचा. चुकून एखादा गव्हाचा दाणा नको."

"भाताचा काय प्रॉब्लेम?" इग्नेशियस म्हणाला. "भात तर गव्हाचा नसतो."

तेव्हा कळलं ते असं. अमेरिकेतले बहुतेक ज्यू युरोपातून आलेले. त्यांच्याकडे फार जुनी रीत आहे, या सणात भातही नाही. कोकणात मात्र भातच नाही तर आठ दिवस खायचं काय? चौलला सणाच्या दिवसांत भात, नारळाच्या रसातली आमटी, आणि घरच्या जात्यावर दळलेल्या पिठाच्या तांदळाच्या भाकऱ्या. क्वीन्समधल्या पहिल्या सणाला त्या शेजारणीकडे मोठ्या हौसेनं भाताचं पातेलं घेऊन गेल्या.  शेजारणीनं पातेल्यावर नॅपकिन टाकला आणि ते जिन्यात नेऊन ठेवलं.

"आमचे मिस्टर म्हणाले, सिपोरा, आता यांच्यात राहायचंय, यांच्यासारखं खा. मी हो म्हटलं. पण जमलं नाही ग. सणाचा दिवस आणि पोटात भात नाही, म्हणजे मला सण आल्यासारखंच वाटेना. मग दार लावून खायला लागले. ते गेले तरी दार लावूनच. पाप नाही हां, आमच्या रीतीनं चालतं, मी मोठ्या रब्बायना विचारलंय. पण किचनमध्ये माझ्या शब्दावर शेकडो लोक जेवतात. त्यांना कळलं ना, की सिपोरा भात खाते, तर उद्या म्हणतील, ही कसली ज्यू आणि ही कसली राखणदार. तेव्हा गप्प राहा हं दोघं."

आम्ही गप्प राहिलो. निदान तोंडानं.

सणाची पहिली रात्र ज्या दिवशी होती त्या दिवसाची दुपार. त्या दिवशी सकाळनंतर पाव खायचा नाही आणि बेखमीर भाकर रात्रीपर्यंत तोंडात घालायची नाही, असा त्यांचा नियम. सिपोराबाय पहाटेपासून केळी आणि काळ्या कॉफीवर. हॉलमधली टेबलं तपासायला म्हणून त्या बाहेर गेल्या, जाताना दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबल्या. ते इग्नेशियसनं पाहिलं.

त्याच्या मनात काय आलं असेल ते मी त्याला नंतर विचारलं नाही, विचारायची गरजच नव्हती. बायच्या पोटात काही नाही. बायला तांदळाची भाकरी चालते, बायनंच सांगितलंय. भाकरी तर आपल्या हातची लुसलुशीत. स्टाफ रूममधल्या आपल्या कपाटातून तो तांदळाच्या पिठाचं पाकीट घेऊन आला आणि कोपऱ्यातल्या स्वच्छ ग्रिडलशी, म्हणजे मोठ्या सपाट तव्याशी उभा राहून परातीशिवायच, हातावर भाकरी थापायला लागला. नादिर चिकनमध्ये बुडालेला. मी कसल्याशा कामानं आत आले तेव्हा पहिली भाकरी फुगत होती. मला सुद्धा वास आला आणि पहिल्यांदा आठवलं ते माझ्या आईचं चुलीपुढचं बसणं, हे काहीतरी भलतंच चाललंय हे नंतर.

तेवढ्यात सिपोराबाय आत आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आधी त्या हसल्या, अगदी मोकळ्या, आईनं हाक मारल्यावर मूल हसतं तशा. डोळे भरून आले. "इग्या," त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी रे?"

"बसा बाय. गरम गरम खावा."

मग त्यांची नजर पाकिटावर गेली.

"पीठ कुठलं?"

"शारजाचं. सुपरमार्केटचं. एकदम फ्रेश."

"त्या गिरणीत गहू दळतात?"

इग्नेशियसच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "गिरणी आहे बाय. सगळंच दळत असतील."

घरच्या जात्यावर गहू कधी पडत नव्हता, म्हणून चौलची भाकरी चालायची. गिरणीतल्या पिठात गव्हाचा कण असणारच. आणि ते पीठ आता ग्रिडलवर होतं, फॉइलवर होतं, थापताना उडून शेजारच्या उघड्या ट्रेंवर बसलं होतं. त्या ट्रेंत रात्रीच्या सगळ्या पाहुण्यांचे बटाटे होते.

"कुणी कशाला हात लावू नका," सिपोराबाय इंग्रजीत म्हणाल्या. आवाज इतका शांत होता की नादिरनंही मान वर केली. मग मराठीत, हळू, "इग्या, तू बाहेर जा. मी हाक मारेपर्यंत येऊ नकोस."

खरं सांगते, मला वाटलं त्या झाकून टाकतील. पाकीट पिशवीत, भाकरी पिशवीत, फॉइल बदलला की संपलं. बघणारे आम्ही तिघंचौघं, आणि आमच्यातलं कुणी बोललं नसतं. त्यांनी भाकरी कागदात गुंडाळली, एकदा नाकाशी नेली, पिशवीत टाकली, पिशवी स्वतः गेटबाहेरच्या कचऱ्यात नेऊन टाकली. परत आल्यावर मला म्हणाल्या, "रब्बायना बोलव."

रब्बाय आरी म्हणजे या सगळ्या कार्यक्रमाचे धर्मगुरू, न्यू जर्सीचे, तरुण, दाढी नीट विंचरलेली. ते आले, आणि त्यांच्यामागून पाहुण्यांच्या कमिटीतल्या दोन बायकाही आल्या. सिपोराबायनी सगळं सांगितलं. कुठलं पीठ, कुठे उडालं, काय काय फेकायचं. ते फक्त मान हलवत होते. बटाटे गेले. कोपरा बंद झाला. मग त्यांनी विचारलं ते विचारायलाच हवं होतं. "हे कुणी केलं?"

"माझ्यासाठी होतं. किचन माझ्या ताब्यात होतं. म्हणजे मीच केलं."

"पण आज, तुमच्यासाठी, तांदळाची भाकरी कुणी कशाला करेल?"

 मला वाटलं, आता काहीतरी सांगून वेळ मारून न्या हो बाय. इग्नेशियसचं नाव घ्या, म्हणा की बिचाऱ्याला कळत नाही. सिपोराबायनी केसांवरच्या जाळीवरून हात फिरवला.

"कारण मी या सणात भात खाते. माझी आई खायची. आमच्याकडे सगळेच खातात."

"राइस?" कमिटीतली एक बाई म्हणाली. तेवढंच.

रात्रीचं जेवण उकडलेली अंडी, चिकन आणि घाईनं सोललेल्या गाजरांवर निभावलं. बाकीच्या पाहुण्यांना काही कळलंही नाही. सिपोराबाय हॉलच्या मागच्या भिंतीशी उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. चौलच्या चाली वेगळ्या होत्या, त्यामुळे त्या जरा मागे पडत होत्या.

दुसऱ्या दिवशी रब्बाय आरींनी त्यांना लॉबीत बसवून सांगितलं. त्यांना हे सांगणं आवडत नव्हतं, ते दिसत होतं. धर्माप्रमाणे तुमचं काहीच चुकलेलं नाही, ते म्हणाले, आणि पिठाबद्दल तुम्ही बोलला नसता तर कुणाला कधी कळलंही नसतं. पण पाहुण्यांची कमिटी म्हणतेय, की जी स्वतः भात खाते ती भातावर पहारा कसा ठेवणार? सण संपेपर्यंत तुम्ही किचनमध्ये येऊ नका.

"आणि कुक?" सिपोराबायनी विचारलं.

"कुठला कुक?" रब्बाय म्हणाले आणि उठून गेले. माणूस वाईट नव्हता.

त्या माझ्या ऑफिसात येऊन बसल्या. मी पाणी पुढे केलं.

"दुखलं ग," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. पहारा कसा ठेवणार म्हणे. अगं, जी खाते तिलाच तर भात लांबून ओळखू येतो!" मग ग्लास उचलून पाणी प्यायल्या. "ज्याची चाळीस वर्षं भीती बाळगली ते एकदाचं झालं. आता भ्यायला काय राहिलं?"

बाहेर इग्नेशियस दाराशी घुटमळत होता, लाल डोळे घेऊन. त्यांनी त्याला आत बोलावलं आणि वसईची दुसरी शिवी घातली. तो रडायलाच लागला. "भाकरी मस्त फुगली होती रे," त्या म्हणाल्या. "आईच्या हातची अशी फुगायची नाही."

ईस्टरच्या रविवारी दुबईत सकाळची मिस्सा करून मी दुपारी कामावर परत आले. सणाचे मधले दिवस चालू होते. लॉनवर जेवण मांडलेलं, पाहुणे झाडांखालच्या टेबलांवर. लॉनच्या कडेला सिपोराबायची खोली. तिचं दार सताड उघडं होतं, पडदाही बाजूला केलेला. आतून नारळाच्या रसाचा वास येत होता. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. हातात स्टीलचं ताट, त्यात पांढराशुभ्र भात, वर आमटी. सावलीतल्या एका रिकाम्या टेबलाशी, सगळ्यांच्या मधोमध, ताट ठेवून त्या बसल्या. आजूबाजूचं बोलणं जरा कमी झालं. कमिटीतल्या बाईनं मान वळवली. सिपोराबायनी डोळे मिटून काहीतरी म्हटलं आणि हातानं भात कालवला.

मिस्टर सॅम वॉकर ढकलत त्यांच्यापर्यंत आले. मी खुर्ची ओढून दिली.

"हा भात आहे?" ते म्हणाले.

"भात आहे."

"सणात?"

"आमच्याकडे चालतो."

 मिस्टर सॅमनी वाकून वास घेतला, किचनच्या दाराशी घ्यायचे तसा. "सिपोरा," ते हळूच म्हणाले, "एक चमचा. नव्वद वर्षांच्या माणसाला कोण विचारणार आहे?" आणि टेबलावरचा चमचा त्यांनी पुढे केला.

मला वाटलं त्या देतील. मी असते तर दिला असता. सिपोराबायना तर केवढं बरं वाटलं असतं, त्या पाहुण्यांतल्याच एकानं सगळ्यांदेखत त्यांचा भात खाल्ला म्हणून. सिपोराबायनी डावा हात ताटावर आडवा धरला.

"तुमच्या आईनं दिला असता?"

मिस्टर सॅमनी खरोखरच विचार केला. "माझ्या आईनं?" ते म्हणाले. "तिनं मला चमच्यासकट घराबाहेर काढलं असतं."

"मग मी नाही द्यायची," सिपोराबाय म्हणाल्या. "मला माझ्या आईनं दिला, म्हणून मी खाते."

मिस्टर सॅमनी चमचा खाली ठेवला. डोळे पुसले की हसले ते मला नीट दिसलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, त्यांची ती कोरडी बेखमीर भाकर आणि ताट इथेच आणून दे. मी आणून दिलं. दुसऱ्या दिवसापासून माझी रजा होती, आणि परत आले तोवर सिपोराबाय न्यू यॉर्कला गेल्या होत्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच, लॉनवर, भर दुपारी. एकीकडे भात, एकीकडे कोरडी भाकर, आणि दोघं म्हातारी एकाच टेबलाशी बसून आपापल्या आईचं जेवण जेवत होती.